साधी पोटदुखी

शुक्रवारी जुम्म्याची नमाज पढून खोलीवर आलो, डबा उघडला, आणि डाव्या हातात फोन धरून एका माणसाची अब्रू घेतली. उजवा हात त्या वेळी त्याच्याच बायकोने रांधलेल्या सुरमईच्या कालवणात होता. पण अब्रू कोणाची आणि कालवण कोणाचं, ही दोन्ही घरं एकच आहेत हे मला संध्याकाळी कळलं.

आदल्या दिवशी मसिरा बेटाच्या बाजूला एक बचाव हेलिकॉप्टर समुद्रात कोसळलं होतं. मासेमारीच्या एका बोटीवर कोणी खलाशी आजारी पडला होता, त्याला उचलून आणायला ते निघालं होतं. बोटीपर्यंत पोचलंच नाही. आतल्या माणसांना आसपासच्या मच्छीमारांनी पाण्यातून ओढून काढलं, एकाला सोडून. दोरावरून खाली उतरून आजाऱ्याला वर घ्यायचं काम ज्याचं असतं, तो हा एक. अझ्झान त्याचं नाव, इब्रा गावचा पोरगा. तो शुक्रवारी सकाळी सापडला, पण जिवंत नाही.

तेवढ्या वेळात मस्कतमधले समस्त भारतीय वैमानिक झाले होते. वादी अदाईला आमच्या गल्लीत उत्तमचं सलून आहे. उत्तम कोल्हापूरचा, एरवी माझ्या केसांबद्दलसुद्धा त्याचं ठाम मत नसतं. पण त्या दिवशी माझ्या गळ्याशी वस्तरा धरून त्याने छताच्या पंख्याकडे बोट दाखवलं. "हे बघा यासिरभाई, असं फिरत असतंय ते. एक पातं जड झालं की विषय संपला." पंखा डुगडुगत होता. मी मान हलवली नाही, वस्तऱ्यामुळे. त्याने ती संमती धरली.

कॉफी शॉपात कोणी म्हणे धुकं होतं, कोणी म्हणे पक्षी शिरला, कोणी म्हणे पायलट फोनवर होता. अल् खुवैरला आमच्या ऑफिसात वसईचा रॉबिन आहे. त्याचा मेव्हणा बंदरात कामाला, म्हणून रॉबिन बंदराचा प्रवक्ता. त्याने मला एवढंच सांगितलं, "पेशंट आपल्याकडचा आहे, कोकण साइडचा. स्टमक पेन होतं म्हणे."

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. म्हसळ्याच्या हायस्कुलात वक्तृत्व स्पर्धेचा कप मी दोनदा आणला होता. त्या कपाचे परिणाम आमचं गाव अजून भोगतंय. मस्कतमध्ये आमच्या गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यातली जुनी माणसं वाचत नाहीत, ऐकतात. म्हणून बातमी आवाजात द्यायचं काम माझ्याकडे आलं. तर मी घास गिळला आणि बोललो:

"अस्सलामु अलैकुम, गाववाले. आतली खबर अशी, की हेलिकॉप्टर ज्याच्यासाठी गेलं तो आपल्याच कोकणातला माणूस. आणि आजार काय, तर साधी पोटदुखी! साध्या पोटदुखीसाठी एका घरचा जवान मुलगा गेला. विचार करा."

रॉबिनने दिलेली पोटदुखी खरी होती. 'साधी' मी घातलं. त्याशिवाय वाक्य बसत नव्हतं.

दुपारच्या अस्रच्या नमाजीपर्यंत माझ्या पोटदुखीला पाय फुटले. सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत ती दारू प्यायलेली होती. त्यानंतर कुणीतरी बोटीच्या कंपनीतून नाव काढून आणलं, आणि ते नाव होतं गुलजार. आमचा गुलजार चाचा. माझ्या समोर पडलेल्या रिकाम्या डब्याच्या मालकिणीचा नवरा.

त्या मालकिणीला आम्ही सगळे चाची म्हणतो. नाव अमीरुन्निसा, पण इतकं लांब नाव घेईपर्यंत ती दुसऱ्या कामाला लागलेली असते. खाडीकाठच्या आमच्याच गावची. चाचा बोटीच्या इंजिनावर, पंधरा-पंधरा दिवस समुद्रात; ही वादी अदाईच्या दोन खोल्यांत मुलगी नूरैनला घेऊन. शेजारच्या एकाची बायको बाळंतपणाला गावी गेली, तेव्हा हिने त्याला डबा द्यायला सुरुवात केली. बायको परत आली, तरी डबा बंद झाला नाही. त्या घरात पुढे काय झालं ते विचारायचं नसतं. पण चाचीची खाणावळ तिथून सुरू झाली, आणि आज वादी अदाई-रुवीतला निम्मा गाव तिच्या हातचं खातो.

चाचीचा कायदा एकच. डबा ज्या हाताने गेला त्याच हाताने परत आला पाहिजे, धुतलेला, झाकणासकट. झाकण आणलं नाहीत तर उद्याचं जेवण फॉइल लावून येतं. ती रागवत नाही, कारण विचारत नाही. झाकण परत येईपर्यंत फॉइल. मी वर्षातला बराच काळ फॉइलखाली काढलेला आहे. बोलताना ती तुमच्याकडे बघत नाही, पातेल्यात बघते. अबायाच्या बाह्या कोपरापर्यंत वर, त्यांना नूरैनच्या केसांच्या क्लिपा लावलेल्या. मागे एकदा चाचाचं बोट इंजिनात चेंगरलं, नख गेलं, तर घरी येऊन म्हणाला, "जरा लागलंय." चाचीने हळद लावली आणि विचारलं, "भाकरी डाव्या हाताने खाशील ना?" असं ते घर.

तर शुक्रवारी संध्याकाळी चाचीचा फोन आला. "यासिर, गाडी घेऊन ये. डबा पण आण."

मी गेलो. ती ओट्याशी उभी होती. नूरैनने तिचा फोन धरला होता. चाची म्हणाली, "लाव गं." माझाच आवाज खोलीत घुमला. साध्या पोटदुखीसाठी. विचार करा. आणि शेवटी, बोलणं संपल्यावर, खण्‌ असा आवाज.

"ते माझं झाकण हाय," चाची म्हणाली. "पोचा पडलाय त्याला, म्हणून असं वाजतंय."

"यासिर भाई," नूरैन म्हणाली, "झाकण नसतं तरी... आय मीन, युअर व्हॉइस! एव्हरीवन नोज." इंडियन स्कूलमधली पोरगी, मराठीत सुरू करते, पण ओरडायला तिला इंग्रजी लागतं.

मग मला बाकीचं कळलं. चाचाच्या पोटातला अल्सर फुटला होता. पोटात भोक. वायरलेसवर त्याने स्वतः सांगितलं होतं, "पोट दुखतंय." हेलिकॉप्टर आलं नाही, तेव्हा त्याच बोटीने त्याला घेऊन रात्रीतून किनारा गाठला, तिथून रुग्णवाहिका, मस्कत. चाचीला गुरुवारी रात्री फोन आला. आणि शुक्रवारी सकाळी, तिकडे ऑपरेशन चालू असताना, हिने इकडे सगळ्यांचे डबे भरले. माझाही.

"चाची, तू इस्पितळात का नाही गेलीस?"

"जाऊन आले. बाहेर बाकडं हाय. बाकड्यावर बसून मी काय करणार? आत काय मला हात घालू देणार हायत?"

मी तोंड उघडलं. दोन कप मिळवलेलं तोंड. "चाची, माझी चूक..."

"चूक कोणती ती मला ठाऊक हाय. गाडीत पेट्रोल हाय?"

"हाय."

"मग ऐक. डबा जातो तसा परत येतो. तुझी ही नोट ज्या वाटेने गेली त्या वाटेने परत आली पाहिजे. ज्याने ज्याने पुढे पाठवलीन, त्याने त्याच माणसांना आपल्या तोंडाने सांगायचं, मला ठाऊक नव्हतं, मी उगाच बोललो."

"सगळ्यांना? चाची, हे व्हॉट्सॲप आहे. पसरलं ते पसरलं."

तिने पहिल्यांदा पातेल्यातून मान वर केली. "तो शुद्धीवर आला की पहिलं काय विचारील? ते हेलिकॉप्टरवाले सुटले काय, असं विचारील. मी खोटं सांगणार नाय. मग तो म्हणणार, मला त्या पोराच्या घरी ने. मी ओळखते त्याला. ते घर इब्राला हाय. तिथं जाऊन त्याला मान खाली घालायला लागता नये. त्याच्या आधी तुझी 'साधी' तिथं पोचता नये. यल्ला, चल."

पहिला मुक्काम उत्तमचं सलून. बाई पुरुषांच्या सलूनात शिरत नाही, म्हणून चाची काचेच्या दाराबाहेर उभी राहिली आणि काचेवर अंगठीने टकटक केली. आत एका गिऱ्हाइकाच्या अर्ध्या तोंडावर फेस. उत्तम वस्तऱ्यासकट बाहेर आला.

"वहिनी, मी काय केलंय? मी फक्त पुढं ढकललं."

"मग आता मागं ढकल."

"आमच्या गल्लीचा ग्रुप हाय ओ कोल्हापुरात. त्यांना काय समजतंय ओमानमधलं?"

"त्यांना समजत नाय ना? मग सांगायला गेलास कशाला?"

फेसवालं गिऱ्हाईक आतून ओरडलं, "बोल रे बाबा, साबण सुकतोय!" उत्तमने फुटपाथवर उभं राहून, एका हातात वस्तरा धरून, कोल्हापूरच्या गल्लीला आपली चूक सांगितली. शेवटी त्याने स्वतःहून "पंख्याचंबी मी उगाच बोललो" असं जोडलं. ते कोणी मागितलं नव्हतं.

रॉबिनला फोन लावला, तर तो घाबरून हिंदीत शिरला. "आंटी, मैंने तो सिर्फ यासिर को बोला था."

"तू बोललास ते खरं होतं, बाबा. तुझं काय नाय. मेव्हण्याला सलाम सांग." आणि फोन ठेवून माझ्याकडे न बघता, "बघ. बोलून पण गप्प राहता येतं माणसाला."

त्या संध्याकाळी आम्ही वादी अदाई आणि रुवी पालथी घातली. मी प्रत्येक जिन्याखाली गाडी लावायचो, ती वर जायची, आणि थोड्या वेळाने माझ्या फोनवर कोणाचा तरी पडेल आवाज यायचा. काहीजण तिला चहा देऊ करायचे. ती म्हणायची, "चहा नंतर. आधी बोला." एका घरी दोघा भावांचं भांडण लागलं की पहिलं कोणी पाठवलं. ती मध्ये पडली नाही. दोघांकडून दोन नोटा घेऊन खाली आली.

पण त्यात दारू कोणी घातली हे कळत नव्हतं. जो तो म्हणे, लोक म्हणत होते. शेवटी सगळ्या वाटा एका दारी जमल्या, आणि ते दार होतं अलीमियाँचं.

अलीमियाँ म्हणजे गावाचे मस्कतमधले वडीलधारे. रुवीत किराणा मालाचं दुकान, दाढी मेंदीची, आणि बैठकीत शेवटचा शब्द त्यांचा. शनिवारी सकाळी गावाची बैठक त्यांच्याच फ्लॅटवर असते. गावच्या मशिदीची भिंत, कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाचा व्हिसा, असे विषय. गालिच्यावर पुरुष बसतात. बायका आल्याच तर आत, अलीमियाँच्या बायकोजवळ, सफियाजवळ. सफियाचे गुडघे गेलेत, म्हणून शुक्रवारी त्यांच्या घरीही चाचीचाच डबा असतो. हे लक्षात ठेवा.

त्या शनिवारी चाची सरळ गालिच्यापाशी आली. मी मागे, चपला काढण्यात जरूरीपेक्षा जास्त वेळ घालवत.

अलीमियाँ म्हणाले, "अमीरुन्निसा, गुलजार कसा हाय? अल्लाह रहम करो. तू आत बस, सफिया आत हाय."

"सफियाला भेटले. काम तुमच्याशी हाय." तिने सगळ्यांवरून नजर फिरवली. "काल माझा डबा कोणी कोणी खाल्लान?"

मग एक हात वर झाला, मग दुसरा. शेवटी अलीमियाँचाही, अर्धा.

"कालवणात मीठ बरोबर होतं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. हा प्रश्न बैठकीत यापूर्वी आला नव्हता.

"सांगा ना. मीठ बरोबर होतं काय?"

स्वयंपाकघरातून सफियाचा आवाज आला, "बरोबर होतं गं!"

"भाकरी जळली होती कोणाची? कोणाचा डबा उशिरा गेला?"

"नाय," दोघेतिघे पुटपुटले.

"काल ते कालवण रटरटत होतं, तेव्हा डॉक्टरने यांचं पोट उघडून ठेवलं होतं. मी कोणाला बोलले? आमच्या घरात पोट दुखतंय म्हणून आरडाओरड करायची रीत असती, तर काल तुम्ही सगळे उपाशी राहिला असता."

गालिच्याचं नक्षीकाम त्या दिवशी सगळ्यांनी फार बारकाईने पाहिलं.

अलीमियाँनी घसा साफ केला. "लोक म्हणत होते, अमीरुन्निसा. मी आपलं..."

"लोक म्हणजे कोण? नाव सांगा. यासिरची गाडी खाली उभी हाय."

नाव नव्हतंच. अलीमियाँ म्हातारे झालेत, पण खोटे नाहीत. थोडा वेळ दाढी कुरवाळून ते म्हणाले, "खलासी लोक पितात, असं मनात आलं, आणि तोंडातून गेलं." सफिया आतून म्हणाली, "तोंडातूनच परत आणा आता." त्यांनी फोन मागवला. वडीलधाऱ्याचा आवाज एवढा बारीक झालेला आम्ही कधी ऐकला नव्हता. पण त्यांनी काही लपवलं नाही. "मी बोललो, मला ठाऊक नव्हतं, गुलजारची आणि त्याच्या घरची मी माफी मागतो."

चाची उठायला लागली, तेव्हा ते म्हणाले, "एक राहिलं. मी अरहमला पण फोनवर बोललो होतो."

अरहम आमच्याच गावचा. त्याचं कापडाचं दुकान इब्राच्या सूकात, म्हणजे बाजारात आहे.

चाचीने पिशवी उचलली आणि जिन्याकडे चालायला लागली.

त्याच संध्याकाळी चाचा नीट शुद्धीवर आला. ती म्हणाली होती तसंच झालं. त्याने विचारलं, ते सगळे सुटले काय? तिने खरं सांगितलं. त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. सोमवारी डॉक्टरने पातळ पेज चालेल म्हणून सांगितलं. चाची दोनदा घेऊन गेली, दोनदा घेऊन आली. तो बोलायचा एवढंच, की मला तिकडे ने. नळ्या लावलेला माणूस, कुठे नेणार? डॉक्टर म्हणाला, हा असाच राहिला तर जखम भरायची नाही.

मंगळवार हा इब्राच्या घरी शोक-भेटीचा शेवटचा दिवस होता. मी ऑफिसातून रजा काढली. चाचीने पहाटेच मटणाचं सालन आणि तांदळाच्या भाकऱ्या करून तिच्याकडचा सगळ्यात मोठा डबा भरला. दुःखाच्या घरी रिकाम्या हाताने जात नाहीत, तिकडेही आणि आपल्याकडेही. डोंगर कापत जाणारा रस्ता, दोन्ही बाजूंना करपलेल्या भाकरीच्या रंगाचे खडक. मी बोलायला म्हणून बोललो, "चाची, हेलिकॉप्टर नक्की कशामुळे पडलं असेल?"

"समोर बघून चालव."

"नाही, म्हणजे चौकशी चालू आहे, पण लोक म्हणतात..."

"कशामुळे पडलं ते बघणारे बघतील. कशासाठी निघालं होतं ते मला ठाऊक हाय. मला तेवढं पुरे." थोड्या वेळाने म्हणाली, "आणि तुझं 'लोक म्हणतात' गेलं नाय अजून."

अरहम दुकानात गठ्ठे लावत होता. चाचीला बघताच त्याच्या हातातलं कापड सुटलं. अलीमियाँची माफीची नोट त्याला मिळाली होती. पण त्याआधीच त्याने एका गिऱ्हाइकाला, माल दाखवता दाखवता, अरबीत सगळं सांगून टाकलं होतं. "चाची, मला काय ठाऊक? तो त्यांचाच शेजारी निघाला."

म्हणजे पोचलं होतं.

मी म्हणालो, "चाची, आता नको. आज त्यांच्या घरी... राहू दे. चाचा बरा झाला की मग बघू."

ती गाडीत जाऊन बसली. डबा मांडीवर घेतला आणि पट्टा लावला. तो टक्‌ असा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

पुरुषांची बैठक गावाच्या सबल्यात होती. सबला म्हणजे लांबलचक दालन, कडेने गाद्या. मी रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवत गेलो, बसलो, खजूर आणि कडू कॉफी घेतली. तिथेही एक तरुण दुसऱ्याला फोनवर काहीतरी दाखवत होता. कोणीतरी बाण-बिण काढून केलेला व्हिडिओ, हेलिकॉप्टर कसं पडलं त्याचा. अझ्झानचे वडील शेजारी बसले होते. त्यांनी दोन बोटांनी तो फोन गालिच्यावर पालथा घातला आणि पुढच्या माणसाला कॉफी द्यायची खूण केली.

मग मला बोलावणं आलं. बायकांच्या घरी एक हिंदी, म्हणजे भारतीय बाई आहे, तिचं बोलणं कोणाला समजत नाही, तू दारापाशी येऊन सांग.

मी अंगणात, दाराबाहेर, पाठ अर्धी वळवून उभा राहिलो. नजर चपलांच्या ढिगावर. त्यात चाचीच्या चपला ओळखू येत होत्या. अरबी मला मदरशातली थोडी आणि ऑफिसातली बरीच येते.

आतून चाची म्हणाली, "सांग, ज्याला आणायला तुमचा मुलगा निघाला होता, त्याची मी बायको."

मी सांगितलं. मग एका बाईचा आवाज आला. मोठा नव्हता, थकलेला. अझ्झानची आई. ती म्हणाली, लोक म्हणतात त्याला फक्त पोटदुखी होती.

माझं 'साधी' अरबी पेहराव करून माझ्यापुढे उभं होतं.

"काय म्हणाल्या?" चाचीने विचारलं.

मला ते गिळता आलं असतं. चाचीला बाजारापुरती अरबी येते. मी म्हणालो असतो, त्या विचारतात प्रवास कसा झाला, तरी खपलं असतं. मी होतं तसं सांगितलं.

चाचीला वेळ लागला नाही. "सांग, पोटदुखीच होती. त्यांनी स्वतः तेवढंच कळवलं होतं. पोटाला भोक पडलंय हे त्यांना पण ठाऊक नव्हतं, डॉक्टरने उघडलं तेव्हा कळलं. आणि 'साधी' म्हणणारा हा इथं दारात उभा हाय."

तेही मीच भाषांतर केलं. एकच बदल केला. तिने 'हा' म्हटलं होतं, मी 'मी' म्हणालो.

मग अझ्झानची आई म्हणाली, "तो खाली उतरताना कोण किती आजारी आहे ते विचारत नसे. ते नंतर डॉक्टर बघतात, म्हणायचा." आणि लगेच पुढे, जसं काही तोच मुख्य प्रश्न असावा, "तुझा नवरा जेवतो का?"

"नाय," चाची म्हणाली. इतका वेळ न चिरलेला तिचा आवाज त्या एका शब्दावर चिरला. "तोंड फिरवून पडतो."

आतून हालचालीचा आवाज आला, भांड्यांचा. मग दारातून एक बंद भांडं पुढे आलं. गरम राहायला ठेवतात तसलं, हिरवं, झाकणावर सोनेरी फुलं. आत शोरबा. मांस अगदी वाटून घातलेलं, आजाऱ्याला चालेल असं. अझ्झानची आई आतूनच म्हणाली, "त्याला सांगा, हे अझ्झानच्या घरचं आहे. खाल्लं नाही, तर मी उत्तर मागेन."

आमचा मोठा डबा त्यांनी ठेवून घेतला. रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून.

परतताना चाचीने ते भांडं दोन्ही हातांनी धरलं होतं, वळणावर सांडू नये म्हणून. माझ्याशी ती फक्त एकदा बोलली. "अरबी बरी बोलतोस." आम्ही थेट इस्पितळात गेलो. चाचा भिंतीकडे तोंड करून पडला होता. चाचीने झाकण उघडलं, वाफ आली. त्याने मान वळवली. आपल्या घरात असलं भांडं नाही हे त्याला कळलं.

"कोणाचं?"

"इब्राचं. त्याच्या आईने दिलान. खाल्लं नाय तर ती उत्तर मागणार हाय."

त्याने भांड्याकडे बघितलं. मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. मी खिडकीकडे. चाचीने चमचा पुढे केला आणि त्याने तोंड उघडलं. दुसरा चमचा. तिसरा. मग तो थांबला आणि म्हणाला, "मीठ कमी हाय."

गुलजार चाचाने आयुष्यात केलेली ही पहिली तक्रार. चाची झाकण पुसायच्या निमित्ताने वळली आणि ते झाकण तिने फार वेळ पुसलं.

आता चाचा घरी आहे. चालतो, गल्लीच्या टोकापर्यंत जातो, उत्तम त्याची दाढी करतो आणि पंख्याबद्दल चकार शब्द काढत नाही. चौकशी अजून चालू आहे. कॉफी शॉपात नवीन विषय आलेत. बोटीच्या मालकाने, म्हणजे चाचाच्या अर्बाबने, किनाऱ्यावरचं हलकं काम देऊ केलं, तर चाचा म्हणाला, "इन्शाल्ला, बोटीवरच येतो."

इब्राचं भांडं चाचीच्या ओट्यावर आहे. ते अजून परत गेलेलं नाही, कारण रिकामं जाणार नाही. मी म्हणालो, मी नेऊन देतो, काहीतरी भरून दे. चाचा म्हणाला, "काहीतरी नाय. सुरमई जाईल. बाजारातली नाय, आमच्या बोटीवरची. आणि घेऊन मी जाईन."

"डॉक्टर समुद्रावर जायला कधी सोडणार?"

"सोडील."

चाची पातेल्यात बघत होती. "तोवर तू गाडी नीट करून ठेव," ती मला म्हणाली. "त्या वळणांवर तुझा ब्रेक कुईकुई करत होता." आणि माझा डबा माझ्या हातात दिला. वर फॉइल. झाकण खोलीवर राहिलं होतं.